दीड ओळीचं शहाणपण

मुलांच्या पाक्षिकाच्या कचेरीत त्यांना सगळे तात्पर्यकाका म्हणत. काम एकच, छापायला जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य लिहायचं. त्यात काय मोठंसं, म्हणाल तुम्ही. तीस वर्षं करून बघा! काकांकडे तात्पर्यांची एक जाडजूड वही होती, आणि खरं सांगायचं तर निवड व्हायची ती पानावर उरलेल्या जागेवरून. एक ओळ उरली तर आळस वाईट. दीड उरली तर लोभ. चार ओळी मोकळ्या दिसल्या की काका खूश, आईवडिलांची आज्ञा अगदी सविस्तर यायची. गोष्ट वाचायला सवड कोणाला? एकदा तर आंधळ्या म्हातारीच्या गोष्टीखाली 'लवकर उठावे' असं छापून गेलं, आणि एकाही वाचकाची तक्रार आली नाही.

मग नवी संपादक आली, वयाने काकांच्या मुलीएवढी. "काका, ही तात्पर्याची ओळ बंद करावी म्हणते. मुलं ती वाचतच नाहीत."

ओळ गेली की नोकरी गेली, आणि या वयात दारात कोण उभं करणार? काका तडकले, "वाचत नाहीत? अहो, त्या ओळीवर दोन पिढ्या सुधारल्या!"

"मग चला शाळेत. गोष्ट तुम्हीच वाचा, तात्पर्य मात्र सांगायचं नाही. बघू मुलांचं काही अडतं का."

शनिवारी काका चौथीच्या वर्गात उभे राहिले. गोष्ट दोन मित्रांची. जुना पूल मोडतो, एक पाण्यात पडतो, दुसरा किंचाळत गावाकडे पळत सुटतो. लोक येतात, पडलेला वाचतो, पण पुढे दोघं एकमेकांशी कधीच बोलत नाहीत. संपली गोष्ट. खऱ्या मित्राविषयीची ओळ काकांच्या जिभेवर येऊन थांबली होती.

पण वर्गात एव्हाना रणधुमाळी!

"तो मदत आणायला गेला!"

"हॅट्, घाबरून पळाला!"

"तुला तरी पोहता येतं का रे?"

बाई कानांवर हात ठेवून बसल्या. तेवढ्यात दोन वेण्यांची एक पोर उठली नि तिने काकांनाच धरलं, "आजोबा, तुम्ही काय केलं असतं?"

काकांनी मनातल्या मनात अख्खी वही चाळली. एकही ओळ लागू पडेना. लाज वाटली, पण एवढी पोरं डोळे लावून बसलेली, थाप तरी कशी मारणार?

"मी पळालो असतो."

"मदतीसाठी?"

"नाही गं बाळ. भीतीने."

ती पोर जरा विचारात पडली. "मग दुसऱ्या दिवशी त्याला तसं सांगायचं ना! तो बोलला असता."

"आणि नसता बोलला तर?" काका हिरिरीने म्हणाले, आणि नेमकी घंटा झाली.

संपादक दारातच उभी होती. "बोला काका, ठेवायची ओळ?"

"काढून टाका," काका म्हणाले. "पोटापाण्याचं माझं मी बघेन. पण पुढच्या शनिवारी मला इथे आणा हो, त्या पोरीशी भांडण अर्धं राहिलंय."