स्वागताचं पान

सुनंदाबाईंच्या दारातून कुणी कोरडा परत जात नसे. पत्ता चुकून आलेल्यालाही त्या आधी म्हणत, "बसा, स्वल्प कॉफी घ्या." कप रिकामा होईपर्यंत त्या बिचाऱ्याला कळायचंच नाही की आपण भलत्याच घरी बसलोय. ही सवय त्यांच्या वाणी नावाच्या लेकीत उतरली आणि तिनं ती थेट कॉम्प्युटरला लावली. आता बोला!

नव्याण्णव सालची गोष्ट. यशवंतपूरच्या एका छोट्या ऑफिसात वाणी रक्तदात्यांची वेबसाइट सांभाळायची. कुठला पत्ता टाइप केला की कुठलं पान उघडायचं, याचे नियम तिनंच लिहिलेले. प्रोग्राम ते वरून खाली वाचायचा आणि जुळेल त्या पहिल्या नियमावर थांबायचा. तिचा लाडका नियम तळाशी होता: कुठलाही पत्ता येवो, स्वागताचं पान दाखव. "सापडत नाही" असं कुणाच्या तोंडावर कसं सांगायचं?

एका दुपारी भावजयीचा, अंजलीचा फोन आला. वाणीचा भाऊ पवनकुमार स्कूटरवरून पडला होता. ऑपरेशनला ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. ती हॉस्पिटलसमोरच्या सायबर कॅफेत बसली होती.

"अक्का, तुम्ही सांगितलेला पत्ता टाकते, तर नुसतं सुस्वागतम येतंय. परत परत तेच." तिचा आवाज रडवेला झाला होता.

वाणीनं नियम उघडून पाहिले. दुर्मिळ रक्तगटांची पानं मागाहून आली, तेव्हा त्यांचे नियम तिनं सगळ्यांत खाली, लाडक्या नियमाच्याही खाली चिकटवले होते. तिथवर प्रोग्राम कधी पोचलाच नव्हता. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

तिनं दात्यांची फाइलच उघडली आणि अंजलीला फोनवर नंबर वाचून दाखवले. महादेवपुऱ्याचे एक कृष्णमूर्ती हो म्हणाले. ते पोचेपर्यंत वाणी फोनपाशीच बसून होती.

पवन वाचला. पण वाणीच्या जिवाला चैन पडेना. ती पानं दिवाळीपासून तशीच होती. एकही तक्रार आली नाही म्हणून साहेबांनी तिची पाठसुद्धा थोपटली होती. तक्रार कोण करणार? स्वागत छानच होत होतं. आणि रक्त शोधत आलेल्या त्या सगळ्यांची बहीण काही या ऑफिसात नव्हती.

नियम नीट लावून ती घरी आली. ओसरीवर एक अनोळखी गृहस्थ टेकलेले, आई कॉफी घेऊन येत होती.

"थांब आई," वाणी म्हणाली. "अण्णा, तुम्हाला कुणाकडे जायचंय?"