पाइपाची नाडी बघणारा दगूमामा

"अरे दगू, पाइप मोडायला निघालाय अन् तू डोळे मिटून हसतो व्हय!" माझे वडील, नाना, काठावरून असे ओरडले की पलीकडच्या गावातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. दगूमामा मात्र गोदावरीत छातीभर पाण्यात, आमच्या मोटरीच्या उभ्या पाइपाला तळहात लावून, झोपलेल्या बाळाजवळ थांबावं तसा उभा होता.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, नाशिक रोडचा पंपफिटर. "लोखंडाला आधी विचारावं, मग पाना लावावा," असं म्हणायचा. लोखंड त्याला मागचा जन्मही सांगतं, हे मी शाळेत शपथेवर सांगत असे.

निफाडकडची आमची द्राक्षबाग. मण्यांत पाणी उतरायचे दिवस, आणि पाइप दोनदा मोडलेला. तिसऱ्यांदा मोडला तर वर्षाचा माल वेलीवरच सुकणार. नवल असं, की पुरात हा पाइप ताठ उभा राहिला होता. मोडायचा तो धरणातून शेतीसाठी पाण्याचं आवर्तन सुटल्यावर, संथ, गुळगुळीत पाण्यात. नानांनी प्रवाहाच्या पुढून-मागून इतक्या तारा ताणल्या होत्या की अख्ख्या तालुक्याची धुणी वाळली असती.

"दाजी, नदी याला ढकलत नाय, झुलवती," मामा स्वप्नात बोलल्यासारखा म्हणाला. "पाणी वळसा घालून मागं जातं, तिथं एक भोवरा डावीकडं सुटतो, मग एक उजवीकडं. सुटता सुटता पाइपाला आपल्याकडं ओढतो. तुमच्या तारा पुढं-मागं, अन् हा डुलतोय आडवा."

"मग पुरात का नाय मोडला?"

"पुरात भोवरे लय घाईत. आत्ता त्यांचा ताल अन् याचा झोका एक झालाय."

मग त्याने काथ्याचा जाड दोर घेतला आणि बुड्या मारत, गोल जिना चढत जावा तसे मोकळे मोकळे वळसे पाइपाला दिले.

"लोखंडाला लुगडं नेसवतो का रे?" नाना.

"भोवऱ्यांना एका तालात येऊ द्यायचं नाय, दाजी."

एका बुडीत तर चहा उकळून गार झाला. मासे वाट देऊन बाजूला उभे होते. मामा वर आला तेव्हा पाइप स्तब्ध. मागे हिरवं पाणी विस्कटून, कुठलाच ताल न धरता वाहत होतं. मामाचे डोळे पुन्हा मिटले.

मी मोटर सुरू केली. नाना पाणी पोचतंय का बघायला बागेकडे धावले. मी काठावरून ओरडलो, "नाना, मामा जिंकला का?"

वेलींमधून उत्तर आलं, "मोटर चालू ठेव."