परदेशी पोरीची आई

बोलण्याआधी ती पदर कमरेला खोचायची आणि म्हणायची, "आता माही बारी." मंडळाच्या ऑफिसात असो, बाजारात असो की विंगेत, हे शब्द कानावर आले की आम्ही आपापली वाक्यं गिळून गप्प बसायचो. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच, ज्याची बारी कुणाला टाळता येत नाही.

वडशाच्या एका नाटक मंडळात मी प्रॉम्प्टर, आणि ती आमची खाष्ट सासू. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत तिचं नाव निघालं की बाया बोटं मोडायच्या. एकदा आरमोरीच्या बाजारात भाजीवालीनं तिला वांगी द्यायलाच नकार दिला. "सुनेले छळतेस, आन् वांगे मागतेस?"

"बापा, सून कुठून आणू? माहं लग्नच नाई झालं अजून!"

भाजीवाली एवढी ओशाळली की वांग्यांवर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी फुकट दिली.

लग्न झालं ते पस्तिशीच्या पुढं. आईवडील लहानपणीच गेलेले, मोठ्या भावानं वाढवलेलं. स्थळही दादानंच आणलं. मुलगा ब्रह्मपुरीकडचा, कॅनडात एका हॉटेलात स्वयंपाकी. ती गेली, तिथंच तिला मुलगी झाली, आणि पोर चालायला लागल्यावर पोरीला घेऊन परत आली.

"थंडी सोसली असती जी," ती मला म्हणाली, "पण तिथी कोनी भांडतच नाई. गप्प बसून बसून मेली असती मी."

नवराही दोनेक वर्षांत येणार, ब्रह्मपुरीला हॉटेल टाकणार, पोरगी इकडेच वाढणार, असं दोघांचं ठरलं होतं. पोरीच्या हाती तिकडचा पासपोर्ट होता. तो फक्त प्रवासापुरता, असं त्यानं सांगितलं होतं. आपल्या वकिलातीत तिची नोंद झालीय, ती भारताचीच आहे, हेही त्यानंच सांगितलं होतं. तो बोट ठेवेल तिथं हिनं सही केली होती.

मग एक दिवस पोलीस दारात आला. मी तेव्हा तिच्या ओसरीवर नव्या नाटकाची नक्कल, म्हणजे संवादांची वही, घेऊन बसलो होतो.

"बाई, तुमच्याकडं एक फॉरेनर राहते म्हणे. चौकशी करायची आहे."

"राहते ना! थांबा, शेंबूड पुसून आणते तिले."

मुरमुऱ्यांनी तोंड भरलेली फॉरेनर बाहेर आली, पोलिसाच्या टोपीकडे पाहून हसली, आणि एक मुरमुरा त्याच्या बुटावर ठेवला. आम्ही तिघेही हसलो. पण जाताना तो म्हणाला, "पोरीच्या व्हिसाची मुदत संपत आली आहे. वाढवून घ्या. आणि एकदा गडचिरोलीला कलेक्टर ऑफिसात तिच्या नागरिकत्वाचं विचारा."

तिच्या सोबतीला मी गेलो. तिथल्या बाबूनं शांतपणे समजावलं. "तुम्ही दोघं भारतीय, म्हणजे जन्म कुठंही झाला तरी वंशानं पोरीचा नागरिकत्वावर हक्क होता. वर्षाच्या आत तिकडच्या आपल्या वकिलातीत नोंद करायची, दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यायचं. तुमच्या मिस्टरांनी पासपोर्ट घेतला, नोंद केलीच नाही."

"पण ते म्हनत होते, झाली म्हनून."

"नाही झाली, बाई."

तिनं पदर खोचला नाही. बसमध्ये खिडकीपाशी बसली आणि आरमोरी येईपर्यंत पोरीचा पासपोर्ट उलटसुलट करत राहिली.

फोनवर नवरा म्हणाला, "अगं, धावपळीत राहून गेलं. आता आलो की करू." मार्ग एक होता. आईबाप भारतीय असले तर लहान मुलाची नागरिक म्हणून नोंदणी इथं राहूनही करता येते, पण अर्जावर दोघांच्या सह्या लागतात. व्हिसाची मुदत मात्र त्यानं तिकडूनच, तत्परतेनं वाढवून दिली. नवरा कामाला लागला म्हणून ती खूश झाली.

हिवाळ्यात तो आला. गोड माणूस. तालमीला सगळ्यांसाठी भजी आणायचा, नाटकात सासूबाईंच्या नवऱ्याचं काम मागायचा. गडचिरोलीला जायच्या आदल्या दिवशी म्हणाला, पासपोर्ट अर्जाला जोडावा लागेल, दे. पोरीला आजीची भेट घडवतो, उद्या ब्रह्मपुरीहून थेट ऑफिसात येतो. तिनं पासपोर्ट दिला, पोरीचं स्वेटर दिलं. दादाची गाडी होतीच, चालवायला दादाही.

ऑफिस उघडायच्या आधीच आम्ही दोघं तिथं पोचलो होतो. ती साहेबांसमोर काय बोलायचं ते पुटपुटत होती. "मी तिची आई. मी इथलीच. म्हनून पोरगीबी इथलीच." मला विचारलं, "बराबर वाटते ना जी?" मी म्हणालो, एक शब्द बदलू नका.

दुपारी फोन वाजला. तो दिल्लीच्या विमानतळावर होता. "तिचं आयुष्य तिकडंच नीट होईल. तू नंतर ये."

पोलीस स्टेशनात साहेबांनी हात वर केले. पोरगी बापाबरोबर, पासपोर्ट तिचा, व्हिसा चालू. अडवणार कसं?

तिथून ती दादाच्या घरी गेली. तो अंगणात गाडी धूत होता. रंगमंचावर जिनं शेकडो सुना घराबाहेर काढल्या, तिचा आवाज त्या दिवशी चढलाच नाही.

"दादा, तुले मालूम होतं?"

"पोरीचं भलं होईल, बाई. आन् जावई माह्या पोट्ट्यालेबी, तुह्या भाच्याले, तिकडं नेतो म्हनत होते..."

"मालूम होतं का?"

"होतं."

"गाडीत रडली का?"

"नाई. नागपूरवरी झोपूनच होती."

"तिले गाडी लागते. खिडकी उघडी ठेवली होती ना?"

दादा ओला फडका तोंडावर धरून खाली बसला. ती त्याच्याकडे न बघता परत फिरली.

पुढच्या हंगामात ती रंगमंचावर उभी राहिली नाही. नागपूरच्या वकीलबाईंनी सांगितलं, आता दावा तिकडच्याच कोर्टात लावावा लागेल, आणि आईला तिथं हजर राहावं लागेल. तिचा तिकडचा व्हिसा एकदा नाकारला गेला, दुसऱ्यांदा मिळाला. तिला जाऊन आता दोन हिवाळे झाले. अधूनमधून माझा फोन वाजतो. "केस चालू हाय. शनिवारी भेटू देतेत. मराठी इसरली पोरगी, शिकवून राह्यली मी." एवढंच बोलून ठेवते.

ती निघाली त्या दिवशी मी वडसा स्टेशनवर गेलो होतो. गोंदियाच्या गाडीत तिनं जागा धरली. दादा धापा टाकत आला आणि खिडकीतून नव्या तांदळाची थैली आत सारली. "तिकडं आपला तांदूळ भेटत नसन," एवढंच म्हणाला. तिनं थैली दोन्ही हातांनी उचलली, दारापर्यंत आली, खाली वाकून फलाटावर अलगद ठेवली, एक दाणा सांडू न देता. मग जागेवर जाऊन बसली.

गाडी सुटली. दादा थैलीजवळ उभा होता. त्यानं ती उचलली नाही. मीही नाही.