इंजिनातल्या बांगड्या

नव्वदीच्या सुरुवातीला पांडेसऱ्यात, कापड गिरण्यांच्या वस्तीत, माझं छोटं गॅरेज होतं आणि माझ्या कानाचा मला फार माज होता. त्याआधी नऊ वर्षं मी कापड विणायच्या लूमवर काढली होती. चोवीस लूमच्या गोंगाटात कुठला एक बिघडलाय हे मी जागेवरून सांगायचो. मग तीन सिलिंडरच्या इंजिनाचं काय एवढं?

एका डाईंग मिलच्या मालकाचा पुतण्या त्याच्या काकूची छोटी लाल गाडी घेऊन आला. काकू वर्षापूर्वी वारली होती. "मिस्त्री, इसमें से जितना निकले उतना निकालो," तो म्हणाला. हायवेवर मोठ्या गाड्यांना मागे टाकायची त्याला खाज होती, आणि खरं सांगायचं तर मलाही.

मी इंजिनाचं हेड तासून घेतलं, कार्बोरेटरचा जेट मोठा केला, सायलेन्सर मोकळा केला. राहिलं टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते. ते माझ्याकडे कानाने लागायचं. टायमिंग थोडं पुढे घ्यायचं, गाडी चौथ्या गिअरमध्ये एकदम दाबायची, इंजिनातून बारीक झिणझिण आली की केसभर मागे घ्यायचं. इथे झिणझिण येईचना. मी पुढे घेत गेलो आणि गाडी सुसाट होत गेली.

शेजारच्या शेडमध्ये गाड्या रंगवणारा एक विदर्भातला पेंटर होता. एका दुपारी त्याला शेजारी बसवून गाडी पळवली. थोड्या वेळाने तो मागच्या सीटकडे बघू लागला.

"मिस्त्री, आतमंदी कोनी बाई हाय का? बांगड्या वाजून राह्यल्या ना."

मी त्याला झापलं. इंजिनाची झिणझिण असती तर मला आधी ऐकू आली नसती? पण दोन दिवसांनी पुतण्याही कसनुसं हसत म्हणाला, की काकीच्या हातात डझनभर बांगड्या असायच्या, गाडी दाबली की तसंच काहीसं वाजतं. मी स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिन तपासलं. धक् धक् धक्, बाकी काही नाही. तेव्हा मात्र माझी टरकली. सगळ्यांना ऐकू येतं आणि मला नाही, म्हणजे ते इंजिनातलं नाहीच. भुताखेतांना हसणारा मी, कुणी बघत नाही असं पाहून बॉनेटखाली लिंबू बांधलं. गाडी चालवताना डावीकडच्या रिकाम्या सीटकडे बघायचं टाळू लागलो.

घरीही तेव्हा काही धड नव्हतं. आम्ही गोडादऱ्याला राहायचो, बाहेरच्या खोलीत वडिलांची खाट. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर नवऱ्याला हाक मारत नाही. बायको स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बांगड्या वाजवायची, मी उठून जायचो. वर्षभरापासून तिने ते बंद केलं होतं. ताट समोर आदळायची, तोंडातून अक्षर काढायची नाही. मला वाटायचं, मी तिच्या मनातून उतरलो. विचारायला तोंड होत नव्हतं, कारण उत्तराची भीती वाटायची.

पुढच्या आठवड्यात गाडी दोरीला बांधून परत आली. हायवेवर धूर ओकून बंद पडली होती. पुतण्या नशिबाने धडधाकट होता. मी हेड उघडलं. एका पिस्टनचा माथा उंदराने कुरतडावा तसा खाल्लेला, मधे आरपार भोक. टायमिंग फार पुढे गेल्यावर, झिणझिण वाजत राहिली की असंच होतं. माझाच हात, माझीच चूक. म्हणजे बाई नव्हती, मी सुटकेचा श्वास टाकला. पिस्टन हातात फिरवत बसलो, आणि मग हळूहळू अंगावर काटा आला. आवाज तर होता. सगळ्यांना ऐकू येत होता, फक्त मला नाही.

मी तसाच काळ्या हातांनी घरी गेलो. भर दुपार होती, वडील खाटेवर पेपर वाचत होते. मी भिंतीला टेकून बसलो आणि पहिल्यांदाच स्वयंपाकघराच्या दाराकडे टक लावून पाहिलं.

ती दाराशी आली. हात वर करून तिने मनगट हलवलं. हिरव्या बांगड्या कोपराकडे घसरल्या, पुन्हा मनगटावर आल्या. एकदा, दोनदा, तीनदा. कसलाच आवाज नाही. मग ती आत वळली, रोजच वळत असावी तशी.

मी मागोमाग आत गेलो. "कधीपासून वाजवतेस?"

"रोज तं वाजाडस मी," ती म्हणाली. "तुम्हीच येत नहीत."

मी तिला पुन्हा वाजवायला सांगितलं. थट्टा वाटून तिने रागाने ओला हात माझ्या कानाशी जोरात हलवला. पाण्याचे दोन थेंब गालावर उडाले.

"उना का आवाज?"

मी मान हलवली. नाही. तिचं बोलणं ऐकू येत होतं, बारीक किणकिण तेवढी लूमने खाल्ली होती. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. वर्षभर रुसून होती ती, आणि मीही.

त्या दिवसापासून मला बोलवायचं असलं की ती बाहेरच्या खोलीत यायची आणि वडिलांच्या देखत माझ्या खांद्यावर हात ठेवायची. पहिल्या दिवशी वडिलांनी पेपर तोंडासमोर धरला.