शिष्ट म्हणजे शिष्ट

काकांनी उभा जन्म छापखान्यात प्रुफं तपासली आणि निवृत्त झाल्यावर माणसं तपासायला घेतली. कुणी काही बोललं की "कोणत्या अर्थाने?" हा त्यांचा पहिला प्रश्न. परवा शेजारी पाठीवर कपाट घेऊन जिन्यात अडकला. "काका, जरा माझी मदत करा!" म्हणाला. "'मला मदत करा' म्हणा," काका म्हणाले, आणि तो बिचारा तसं म्हणेपर्यंत कठड्याला टेकून उभे राहिले. अशा माणसाबरोबर राहायचं म्हणजे डोक्याला ताप. पण आईवडिलांमागे पुतणीला त्यांनीच वाढवलं होतं, त्यामुळे ती नुसती चरफडायची.

वर्षभर चपला झिजवल्यावर तिला दातांच्या दवाखान्यात नोकरी मिळायच्या बेतात होती. फोन घ्यायचे, घाबरलेल्या पेशंटांना बसवून धीर द्यायचा. डॉक्टरीणबाईंना ती आवडली होती. काका त्यांचे जुने पेशंट, म्हणून त्यांनी सहज फोन करून विचारलं, "मुलगी स्वभावाने कशी आहे हो?"

"अत्यंत शिष्ट!" काका अभिमानाने म्हणाले.

घासत असलेली कढई पुतणीच्या हातून निसटली.

"शिष्ट?"

"अहो, लहानपणापासून! आमच्या घराण्यातच आहे ते."

फोन ठेवल्या ठेवल्या पुतणी साबणाच्या हातांनीच बाहेर आली. "काका, शिष्ट म्हणजे आखडू! नाक वर करून चालणारी, कुणाशी धड न बोलणारी! सगळे याच अर्थाने म्हणतात."

"सगळे चुकतात. शिष्ट म्हणजे सभ्य, सुसंस्कृत. शब्दकोशात बघ."

"मला शब्दकोशात नोकरी करायची नाहीये! आत्ताच्या आत्ता फोन लावा आणि मुलगी मनमिळाऊ आहे म्हणून सांगा."

काकांनी फोन लावला. एवढा एकच शब्द बोलायचा होता.

"बाई, तुमचा भाषेचा पाया कच्चा राहिला, त्यात तुमचा दोष नाही," त्यांनी सुरुवात केली. पलीकडून फोन कधीच बंद झाला होता, हे त्यांना बऱ्याच वेळाने कळलं.

संध्याकाळी निरोप आला. जागा दुसरीला दिली होती.

पुतणीने चहाचा कप काकांसमोर असा आदळला की निम्मा चहा बशीत सांडला. "काका, या घरात शिष्ट एकच आहे," ती म्हणाली. "तुम्ही!"

काकांनी सवयीने तोंड उघडलं. मग तिचे भरून आलेले डोळे पाहिले, आणि कोणत्या अर्थाने ते विचारलं नाही.