लाडलेसाबांची जीभ

लाडलेसाबांचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. अजानीला अजून अवकाश असायचा. पूर्वी ते जाग आली की तडक उठत. आता आधी अंथरुणातच बसून बोटांची उघडझाप करत, कारण बोटं रात्रीत आखडलेली असत. मग हलीमाबी, त्यांची बायको, पितळी पेल्यात चहा आणून द्यायची. तो पिण्याआधी ते पेला दोन्ही तळव्यांत धरून बसत.

"चहा पिताय की शेक घेताय?" ती रोज विचारायची.

"आधी हाताला, मग पोटाला."

सत्तरी कधीच उलटली होती. बीदरमध्ये रऊफ सेठच्या कारखान्यात ते बिदरीचं काम करत. जस्ताच्या भांड्यावर पोलादी कलमाने नक्षी कोरायची, खाचेत चांदीची तार ठोकून बसवायची, भांडं घासून गुळगुळीत करायचं. शेवटी ते जरा तापवून किल्ल्यातल्या माती-नवसागराच्या चिखलाने चोळायचं. माती खरी असेल तर जस्त काळंभोर होतं आणि चांदी पांढरीच राहते. ऊन-पाऊस न लागलेली माती लागते. खरी कुठली, हे जीभ सांगते. चिमूटभर तोंडात धरायची, थांबायचं, थुंकायचं. कारखान्यात ही जीभ लाडलेसाबांची होती. वडिलांकडून शिकलेली.

म्हातारपणाने त्यांच्याकडून एकेक हत्यार काढून घेतलं होतं. आधी डोळे गेले. बारीक तार दिसेना, तेव्हा त्यांनी तार ठोकणं सोडून फक्त कोरायचं काम धरलं. मग उजवा हात थरथरू लागला. तेव्हा कोपर गुडघ्यावर रोवून, श्वास पुरता सोडून, पुढचा घेण्याआधी हातोडीचा ठोका मारायला ते शिकले. हे शिकायला त्यांना एक पावसाळा लागला. काम निम्म्यावर आलं, पण रेघ वाकडी गेली नाही. माणसांची नावं विसरत. सेठच्या मुलीला तर ते तिच्या आत्याच्याच नावाने हाक मारत. भांडं हातात आलं की मात्र वेलीचं कुठलं पान कुठे वळतं हे हाताला पाठ असे.

रागही गेला होता. एके काळी चुकलेल्या कारागिराच्या पायाशी कलम फेकणारा हा माणूस आता "परत कर" एवढंच म्हणायचा.

"लाडल्या, तुझा राग कुठे गेला रे?" भट्टीवरचा गुरुनाथप्पा विचारायचा. भांडी ओतण्याचं काम त्याचं. दोघे एकाच वर्षी कामाला लागलेले.

"गुडघ्यात उतरला," लाडलेसाब म्हणायचे.

गुडघ्यांमुळेच पुढचं घडलं.

थंडीत मातीचं पोतं संपलं. लाडलेसाब किल्ल्यातल्या नेहमीच्या तळघरात गेले. चांगली माती अगदी आतल्या कोपऱ्यात, कमान इतकी खाली की रांगत जावं लागतं. ते खाली बसले, पण गुडघे वळेनात. दाराजवळची माती त्यांनी उकरली, जिभेवर ठेवली. ठीक वाटली. जिभेने हो म्हटल्यावर आत कशाला जायचं, असा त्यांनी विचार केला आणि तिथलीच माती पोत्यात भरली.

त्या मातीने पहिली चोळली ती एक मोठी सुरई. कोरीव काम लाडलेसाबांचंच, दोन महिन्यांचं. चोळायचं काम जरीनाचं. जरीना विधवा, पदरी दोन पोरं, आणि तिला मजुरी मिळायची ती पुऱ्या झालेल्या नगावर. तिने चिखल लावला, धुतला. सुरई चुलीतल्या राखेच्या रंगाची निघाली.

"चाचा, माती बघता का एकदा?" ती म्हणाली.

लाडलेसाबांनी चिमूट तोंडात धरली. "माती खरी आहे. तुझा हात हलका पडला. पॉलिश पेपरने घास, परत लाव."

तिने घासली, परत लावली. राख. तिसऱ्या दिवशीही राख.

"माती खरी आहे म्हणतोय ना मी!" कितीतरी वर्षांनी त्यांचा आवाज चढला. सगळ्यांनी मान वर केली. जरीनाने मान खाली घातली आणि पुन्हा घासायला घेतलं. त्या घासण्यात एका पानावरची चांदीच झिजून निघून गेली. सुरई फुकट गेली.

दुसरा दिवस जुम्याचा. नमाजेनंतर घरचे सगळे दस्तरखानावर जेवायला बसले होते. बगारा भात, आंबट डाळ. पहिल्या घासाला मुलगा रशीद थांबला. हलीमाबीही थांबली. लाडलेसाबांनी दुसऱ्यांदा डाळ वाढून घेतली.

"अब्बा, चालतंय तुम्हाला हे?" रशीदने विचारलं.

"का? बरी झालीय की."

सून शाहीन तोंडाला पदर लावून हसली. "अब्बा, मीठच विसरले मी आज. तुम्ही आपलं माझं मन राखताय."

सगळे हसले. हलीमाबी हसली नाही, ताटाकडे बघत राहिली. लाडलेसाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि हातातला घास खाली ठेवला.

माणसं उठून गेल्यावर त्यांनी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"थंडी लागल्यापासून. नुसतं लोणचं खाता तुम्ही, आणि तोंड वाकडं होत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"डोळ्यांचं बोलले होते तेव्हा आठ दिवस अबोला धरलात. आणि हे तर जिभेचं. तुमची भाकरीच तिच्यावर."

ते खरं होतं. कोरणारे हात कारखान्यात आणखी होते, आणि तरुण होते. लाडलेसाबांची जागा जिभेमुळे होती. गप्प राहिले असते तर आणखी काही दिवस कुणाला कळलं नसतं. दोष जरीनाच्या हातावर गेलाच होता.

शनिवारी ते कारखान्यात गेले आणि बसले नाहीत. उभ्यानेच बोलले. "सगळ्यांसमोर ओरडलो होतो, सगळ्यांसमोरच सांगतो. जरीनाचा हात चुकला नव्हता. माती खोटी होती. माझी जीभ गेली आहे."

हातोड्या थांबल्या. गुरुनाथप्पा भट्टीपासून उठून दारात येऊन उभा राहिला.

"सेठ, सुरईची किंमत माझ्या मजुरीतून कापा. आणि हिचे तीन दिवस फुकट गेले, ती मजुरीही माझ्याकडून."

रऊफ सेठ वयाने त्यांच्या मुलाएवढा. तो म्हणाला, "उस्ताद, सुरईचं राहू द्या. माती कोण बघणार ते सांगा. नाहीतर तुम्हीही आता आराम..."

"जीभ दुसऱ्याची घ्या. चव मला ठाऊक आहे. मोहरम संपेपर्यंत वेळ द्या. नाही जमलं तर मी आपण होऊन घरी बसेन."

"कुणाची जीभ?"

"जरीनाची. माती खोटी आहे हे तिलाच आधी कळलं होतं."

जरीना उडालीच. "मी? चाचा, आता माती खाऊ मी? पोटुशी असताना खाल्ली तेवढी पुरे झाली!"

"कुठली खाल्लीस?"

ती हळूच म्हणाली, "हीच. तुमच्या पोत्यातली. दोन्ही वेळेला."

"म्हणून पोतं लवकर संपायचं!" गुरुनाथप्पा दारातून ओरडला. "आणि आम्ही उंदरांना शिव्या देत होतो."

कारखाना हसला. लाडलेसाबही हसले. मग खाली बसले.

काम दिसलं तेवढं सोपं नव्हतं. जरीनाला चांगली लागायची ती माती खायला चांगली, पहिल्या पावसाच्या वासाची. तिने निवडलेल्या पहिल्या मातीने जस्ताचा तुकडा पुन्हा राखेच्या रंगाचा झाला. लाडलेसाब तिला घेऊन तळघरात गेले. ते दाराशी बॅटरी धरून बसले, ती रांगत आत गेली.

"वटवाघळांचा वास संपला का?"

"नाही अजून."

"मग पुढे सरक. संपेल तिथली आण. आणि तिच्या आजूबाजूचीही आण, वेगळ्या पुड्यांत."

रोज कामाआधी ते पुड्या मांडून बसत. ती चाखायची, ते विचारायचे. स्वतःच्या तोंडात आता काही उमटत नव्हतं, पण आयुष्यभर चाखलेलं डोक्यात होतं. डोळे मिटून, शब्द शोधून ते बाहेर काढत.

"टोकाला काय लागलं?"

"खारट."

"लगेच? मग टाक ती. खरी माती आधी गप्प असते. मग जिभेच्या कडांना चिमटा काढते."

"हिने काढला."

"थुंक. आता आवंढा गिळ. घशात काय?"

"काही नाही."

"मग टाक. लहानपणी थंडीत कधी लोखंडी दाराला जीभ लावली आहेस?"

"लावली. मार खाल्ला होता."

"घशात ते दार लागलं पाहिजे."

सकाळी विचारलेलं ते दुपारी पुन्हा विचारत. जरीना वैतागायची. "चाचा, हे सांगून झालंय तुमचं." "मग परत सांगतो," ते म्हणायचे. एकदा कुठली पुडी कुठली हेच विसरले आणि अख्ख्या सकाळचं काम वाया गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुड्यांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधून आणले. दोरे कापून द्यायला हलीमाबी बसली होती. चाखलेली प्रत्येक माती ते तुकड्यावर लावून बघत. गुरुनाथप्पा ओतकामातले तुटके तुकडे बाजूला काढून ठेवू लागला. विचारलं तर म्हणायचा, "भट्टीजवळ अडगळ होते."

मोहरम संपायला थोडे दिवस उरले असताना जरीनाने एक पुडी चाखली. थुंकली. आवंढा गिळला. मग गळ्यावर हात ठेवला.

"दार," ती म्हणाली.

लाडलेसाबांनी स्वतः तुकडा तापवला. तिने चिखल लावला. धुतल्यावर तुकडा असा निघाला की ओल्या काळ्यात खिडकी दिसत होती. लाडलेसाबांनी तो डोळ्यांपासून दूर धरला, जवळ धरला, मग खांद्यावरच्या रुमालाने डोळे पुसले.

"हल्ली याला लग्नाची पत्रिका वाचूनही रडू येतं," गुरुनाथप्पा म्हणाला.

"दोरा कुठला?" सेठने विचारलं.

"हिरवा," जरीना म्हणाली.

"हिरव्याचं पोतं भरून आणा. उस्ताद, तुम्ही जागेवर बसा. नव्या सुरईचा मुठीचा भाग कोरायचाय."

ते बसले. कोपर गुडघ्यावर रोवलं, श्वास सोडला, ठोका मारला.

सुरईची किंमत सोडून द्यायला सेठ शेवटपर्यंत तयार होता. लाडलेसाब ऐकले नाहीत. जरीनाचे तीन दिवस पहिल्याच आठवड्यात चुकते झाले. सुरई फिटायला ईद आली. त्या दिवशी त्यांनी ती फुकट गेलेली सुरई जरीनापुढे ठेवली. तिने हिरव्या दोऱ्याच्या मातीने ती चोळली, तेल लावलं, फडक्यात गुंडाळून दिली.

घरी हलीमाबीने फडकं सोडलं. एका पानावर चांदी नव्हती. बाजारात ती कुणी घेतली नसती.

"एवढ्या महिन्यांची मजुरी घालून हे आणलंत?"

"काळं बघ," ते म्हणाले.

तिने सुरई दारातल्या उजेडात नेली, फिरवून फिरवून पाहिली.

"काळं चढलंय खरं."

"जरीनाचं आहे," लाडलेसाब म्हणाले आणि हलीमाबीने फडताळावर मिठाच्या बरणीशेजारी जागा केली.