पह्यले मले इचार

"पह्यले तू मले इचार," असं म्हणून बाई समोरच्या आईच्या हातात पेन द्यायच्या आणि प्रश्नावली तिच्याकडे सरकवायच्या. आईला वाचता येत नसलं तर प्रश्न स्वतः वाचायच्या, पण पहिलं उत्तर स्वतःचंच द्यायच्या.

नागपूरच्या धंतोलीतल्या एका बालरुग्णालयात आम्ही दोघी कामाला होतो. मुलांना कसं वाढवता, राग कसा आवरता, असे चाळीस प्रश्न बाई आईवडिलांना विचारत. त्यावरून मुलाला घरात मारहाणीचा धोका किती, हे मी ठरवायची. मी मानसतज्ज्ञ, नुकतीच शिकून आलेली आणि नियमांची पक्की. बाईंची ही तऱ्हा मला मुळीच खपायची नाही.

"अशानं उत्तरं बिघडतात, बाई!"

"बिघडू द्या नं, मॅडम."

एकदा जरीपटक्याहून एक आई आली. तिच्या चार वर्षांच्या मुलीचा हात वर्षात दुसऱ्यांदा मोडला होता. खेळताना पडली, म्हणे. बाई रजेवर, म्हणून फॉर्म मीच भरून घेतला. मारता? कधीच नाही. ओरडता? कधीच नाही. चाळीसही उत्तरं गुळगुळीत. 'धोका कमी' लिहून मी मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तो कागद फाइलला लावलाच नाही. "इतकी चांगली माय कुठं रायते, मॅडम? मले त दिसली नाही कधी." मुलगी अजून वॉर्डातच होती. बाईंनी तिच्या आईला चहा पाजला, नवा फॉर्म काढला आणि पेन तिच्या हातात दिलं.

अकराव्या प्रश्नाशी ती अडखळली. "रागाच्या भरात मुलाला मारलं आहे का?"

"हाव," बाई म्हणाल्या. "लाटण्यानं. कपाळ फुटलं पोराचं, अजून खूण हाये. लिव वं."

ती लिहीना. पेन तिनं बाईंच्या हातात परत दिलं आणि म्हणाली, "बाई, मायंबी हाव लिवा. म्याच पिरगाळला तिचा हात. मले माया सोताचंच भेव वाटते."

बालकल्याण समितीला कळवलं. मुलगी काही महिने आजीकडे राहिली. आई न चुकता आमच्याकडे यायची आणि बाई दर शनिवारी तिच्या घरी जायच्या. आता मायलेकी एकत्र राहतात, मुलगी शाळेत जाते. माझ्या कागदाच्या भरवशावर ती त्याच हातात परत गेली असती, याची मला अजून लाज वाटते.

एक कबूल करते. लाटण्याची ती गोष्ट मला रचलेली वाटायची. रोज नव्या आईसमोर स्वतःचा असा गुन्हा कोण सांगेल, तुम्हीच सांगा.

निवृत्तीच्या दिवशी बाईंना न्यायला त्यांचा मुलगा आला. त्यानं हेल्मेट काढलं आणि मी बघतच राहिले. भुवईच्या वर दोन बोटं लांब, पांढुरकी खूण.

तो हसला. "तुमालेबी सांगतली काय? अख्ख्या नागपूरले मालूम हाये माया कपाळाची गोष्ट. माया मायची हिंमत हाये, मॅडम!"

अशा बाईच्या शेजारी मी सहा वर्षं बसले, याचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला.

मग त्यानं दुसरं हेल्मेट आईच्या डोक्यावर चढवलं, हनुवटीखालचा पट्टा सावकाश लावला आणि वाकून विचारलं, "लागून त नाही राहिलं नं, माय?"